सातव्याचं बाळ आणि कडू मीठ

कामणच्या आमच्या घरात अम्मी म्हणायची, सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही. ते खरं नाही. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळाला बरं. पण दिवस भरण्याआधी कळा लागल्या, की बायकांच्या हाती असं एखादं वाक्यच उरायचं.

डॉक्टरांच्या हाती एक मीठ आलं. इंग्लंडातल्या एप्समच्या झऱ्याचं, सतराव्या शतकापासून जुलाबासाठी घेतलं जाणारं कडू मीठ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. ते स्नायू सैल करतं. अवेळी कळा येणाऱ्यांच्या रक्तात मॅग्नेशियम कमी आढळल्याच्याही नोंदी होत्या. म्हणून १९७० नंतर कळा थांबवायला ते शिरेतून देऊ लागले, वर्षानुवर्षं दिलं. पुढे नीट तुलना केली, तर बाळंतपण काही लांबत नव्हतं! गरोदरपणी गोळ्या देऊनही अवेळी बाळंतपणं घटल्याचा भक्कम पुरावा मिळाला नाही.

मीठ वाया मात्र गेलं नाही. २००८ साली अमेरिकेतल्या एका चाचणीत, फार लवकर बाळंत होणाऱ्या आयांना ते दिल्यावर बाळांमधल्या मध्यम ते तीव्र सेरेब्रल पाल्सीचं प्रमाण शेकडा ३.५ वरून १.९ वर आलं.

गरोदरपणातल्या आकडीवर तर हेच मुख्य औषध. सोलापूरच्या डॉ. सुमन सरदेसाई आणि सहकाऱ्यांनी ओळखलं, की परदेशी मात्रा आपल्या किरकोळ अंगाच्या बाईला जड आहे. त्यांची कमी मात्रेची पद्धत २००३ साली प्रसिद्ध झाली. जास्त झालं तर हे मीठ श्वास रोखतं; म्हणून पुढचं इंजेक्शन देण्याआधी गुडघ्यावर हातोडी मारून पाय उडतो का, ते पाहतात.