अमरावतीहून कोसबाड, कोसबाडहून धारणी : वऱ्हाडांतील बालशिक्षणाच्या इतिहासाविषयीं एक टिपण

वऱ्हाडांतील शिक्षणाचा इतिहास लिहावयास बसलेला मनुष्य बहुधा हायस्कुलांपासून सुरुवात करितो. इ. स. १८५३ च्या तहानें हा प्रांत निजामाकडून कंपनी सरकारच्या व्यवस्थेखालीं आला. १८६६ त त्याचें निराळें शिक्षणखातें निघालें. अमरावती व अकोला या दोन गांवीं सरकारी हायस्कुलें चालूं लागलीं. पुढें १९२३ सालीं अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज निघालें, आणि १९३२ त डॉ. पंजाबराव देशमुखांनीं श्रीशिवाजी शिक्षण संस्था स्थापून खेड्यांतील कुणब्याच्या पोरास शाळेची वाट मोकळी करून दिली. हा वृत्तांत खरा आहे, आणि गॅझेटियरांतून व अहवालांतून तो सहज हाताशीं येतो. परंतु त्यांत शिक्षणाचा आरंभ होतो तो मूल सहा-सात वर्षांचें झाल्यावर. त्याच्या आधींचीं वर्षें जणूं इतिहासाबाहेरचीं.

प्रस्तुत टिपणांत त्या राहून गेलेल्या वर्षांचा एक धागा आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. हा धागा अमरावतीस हातीं लागतो, तेथून प्रांताबाहेर जातो, काठेवाड, मुंबई व ठाणें जिल्ह्याचा समुद्रकांठ हिंडून चौपन्न वर्षांनीं पुन्हां अमरावती जिल्ह्यांतच परत येतो. मध्यंतरीं तो बराच बदललेला असतो. काय टिकलें व काय गळलें, हाच येथें मुख्य प्रश्न आहे.

प्रथम एका गैरसमजाचें निराकरण करणें अवश्य आहे. मुलानें हातानें वस्तु हाताळून शिकावें ही कल्पना माँटेसोरीबाईंनीं नवीन आणिली नसून आमच्याकडे ती पूर्वींपासून होतीच, असें कांहीं लेखक म्हणतात, आणि पुरावा म्हणून पंतोजींच्या शाळेंतील धुळपाटी पुढें करितात. धुळपाटीवर मूल ओनामा गिरवी हें खरें. बोटाखालीं अक्षराचें वळण बसे हेंही खरें. रोममधील सान लोरेन्झो वस्तींत १९०७ सालीं निघालेल्या बालगृहांत मुलें खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोट फिरवीत, त्याशीं याचें बाह्य साम्य आहे. पण धुळपाटीवर काय काढावयाचें तें पंतोजी ठरवी, केव्हां पुसावयाचें तेंही तोच ठरवी, आणि चुकल्यास छडी त्याच्याच हातीं असे. माँटेसोरीबाईंच्या साहित्यांत चूक दाखविण्याचें काम वस्तूच करिते. दट्ट्या भोकांत बसला नाहीं तर तो बसला नाहीं, रागावण्याचें कारण नाहीं. हा भेद लहान नव्हे. साम्यावरून अभिमान बाळगण्याचा मोह संशोधकानें आवरलेला बरा.

आतां वऱ्हाडांतील मूल त्या काळीं कोठें होतें तें पाहूं. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें (१८६१–६५) वऱ्हाडी कापसास भाव चढला, त्याच दशकांत लोहमार्ग आला, आणि अमरावती, अकोला, खामगांव येथें जिनें व प्रेस उभे राहिले. या सर्व वैभवाच्या तळाशीं कापसाची वेचणी होती, व ती बहुशः बायकांच्या हातीं होती. ओच्यांत कापूस, बांधावरच्या निंबाच्या फांदीस झोळी, आणि त्या झोळीस झोका देणारी आठ-नऊ वर्षांची थोरली बहीण, हें चित्र वऱ्हाडांत ज्याचें बालपण गेलें त्यास सांगावयास नको. शाळा गांवांत असूनही ती थोरली बहीण शाळेंत नव्हती, कारण धाकटें भावंड तिच्या कडेवर होतें. लहान मुलाच्या सांभाळाचा प्रश्न व मोठ्या मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न हे दोन नसून एकच होत, ही गोष्ट खात्याच्या लक्षांत आली नाहीं. १९४८ च्या कारखान्यांच्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया कामास असतील तेथें पाळणाघर ठेवण्याची सक्ती केली. पण तीही कारखान्यापुरती. शेताच्या बांधास तो कायदा लागू नव्हता.

या पार्श्वभूमीवर श्रीमती ताराबाई मोडक यांचें अमरावतीचें वास्तव्य पाहावयाचें आहे. त्यांचा जन्म मुंबईस १९ एप्रिल १८९२ रोजीं झाला. वडील सदाशिवराव केळकर हे प्रार्थनासमाजाचे. १९१४ सालीं त्या मुंबई विद्यापीठाच्या बी. ए. झाल्या, आणि पुढच्या वर्षीं अमरावतीचे वकील श्री. मोडक यांच्याशीं त्यांचा विवाह होऊन त्या वऱ्हाडांत आल्या. हा संसार टिकला नाहीं. १९२१ सालीं त्या विभक्त झाल्या व राजकोटास बार्टन स्त्री-अध्यापन विद्यालयाच्या प्राचार्य म्हणून गेल्या. त्या पदावरील पहिली हिंदी स्त्री म्हणून त्यांची नोंद आहे. त्या काळच्या समाजांत विभक्त झालेल्या पदवीधर स्त्रीनें एकटीनें परप्रांतीं जाऊन जबाबदारीची जागा संभाळणें म्हणजे काय, याची कल्पना आज करणें कठीण आहे.

ताराबाईंचें बालशिक्षण अमरावतीस जन्मास आलें असें म्हणणें इतिहासास सोडून होईल, आणि तसें म्हणण्याचा आमचा हेतु नाहीं. अमरावतीनें त्यांस शाळा दिली नाहीं, साहित्य दिलें नाहीं. दिली ती सहा वर्षें व एक मोडलेला संसार. प्रांताभिमानाच्या भरांत हें झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं.

राजकोटाहून १९२३ त त्या भावनगरास गेल्या. तेथें दक्षिणामूर्ति संस्थेंत श्री. गिजुभाई बधेका यांनीं १९२० सालीं बालमंदिर काढिलें होतें. योगायोग असा कीं, वकिलाचें घर सोडून आलेल्या बाईंना सहकारी भेटले तेही मूळचे वकीलच. गिजुभाईंनीं माँटेसोरी पद्धतींत गोष्टी, गाणीं, नाट्य, माती व वाळू यांस मोकळी जागा दिली होती. १९२६ त या मंडळींनीं नूतन बालशिक्षण संघ स्थापिला, व पुढें ‘शिक्षणपत्रिके’च्या द्वारें ताराबाईंनीं हा विचार मराठी घरांत पोंचविला. १९३६ सालीं दादरच्या हिंदु कॉलनींत त्यांनीं शिशुविहार काढिला. शिशुविहाराची कीर्ति मोठी व योग्यही आहे. परंतु तेथें येणारें मूल न्हाऊन-माखून, पोटभर खाऊन, आईचें बोट धरून येई. वऱ्हाडच्या बांधावरील झोळीपासून तें फार लांब होतें, आणि ताराबाईंस ही लांबी स्वतःसच बोचूं लागली असावी. वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षीं, १९४५ च्या अखेरीस, चालती शहरी संस्था मागें ठेवून त्या ठाणें जिल्ह्यांतील बोर्डी या गांवीं ग्राम बालशिक्षा केंद्र काढण्यास गेल्या, त्याचा अर्थ दुसरा लागत नाहीं.

१९४५ हें वर्ष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्याच वर्षीं जानेवारींत सेवाग्रामच्या परिषदेनें नयी तालीम सात वर्षांच्या मुलापासून मागें नेऊन अगदीं जन्मापासून मानिली व ‘पूर्व-बुनियादी’ शिक्षणाचा विचार पुढें आला. सेवाग्राम वर्धा नदीच्या पलीकडे. नदीच्या अलीकडे अमरावती जिल्हा. त्याच वर्षीं डहाणू व उंबरगांव तालुक्यांत वारली लोकांनीं वेठीविरुद्ध उठाव केला. म्हणजे बोर्डीस ज्या मुलांसाठीं बाई गेल्या, त्यांतील वारली मुलांचे आईबाप त्या क्षणीं सावकार व जमीनदार यांच्याशीं झुंजत होते. अशा वेळीं शहरांतून आलेल्या पांढऱ्या लुगड्यांतील बायांकडे पाड्यांनीं संशयानें पाहिलें असल्यास त्यांस दोष देतां येत नाहीं.

ताराबाईंस येथें सहकारी मिळाल्या त्या अनुताई वाघ (१९१०–१९९२). तेराव्या वर्षीं लग्न, व सहा महिन्यांच्या आंत वैधव्य. त्यानंतर शिकून त्या शिक्षिका झालेल्या. संसारानें बाहेर टाकलेल्या या दोन स्त्रियांनीं मिळून दुसऱ्यांच्या मुलांचा संसार मांडिला.

बोर्डीस अनुभव असा आला कीं, बालवाडी उघडून ठेविली तरी पाड्यावरचें मूल तेथवर येत नाहीं. अंतर आहे, लाज आहे, अंगावर वस्त्र नाहीं, आणि धाकट्यास घेऊन बसणारी बहीण आहेच. तेव्हां शिक्षिकांनीं पाड्यावर जाण्यास आरंभ केला. एखाद्या झोंपडीपुढील अंगण झाडून-सारवून घ्यावें, मुलांचीं तोंडें धुवावीं, नखें कापावीं, केंस विंचरावे, आणि मग गाणें व खेळ. साहित्य म्हणजे खडे, शिंपले, बिया, पानें, काटक्या, माती. रोमहून आलेल्या दट्ट्यांचें व मनोऱ्यांचें काम येथें शिंपल्यांनीं केलें: लहान-मोठे लावणें, सारखे वेगळे काढणें, मोजणें. या खटाटोपास ‘अंगणवाडी’ हें नांव पडलें.

आमच्या मतें या प्रयोगांतील नवें तत्त्व शिंपल्यांत नसून अंगणांत आहे. साहित्य स्वस्त करणें ही काटकसर झाली. तिचें श्रेय आहेच. पण शाळा अंगणांत आल्याबरोबर शिकविणारी बाई पाहुणी झाली व घरची आजी यजमान झाली. मुलाचे हात धुण्यास पाणी घरांतून येऊं लागलें. कामावरून परतलेली आई उंबऱ्यावर टेकून पोरगें काय करितें तें पाहूं लागली. ज्यांनीं कधीं शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता तीं माणसें न बोलावतां शाळेंत येऊन बसलीं, कारण शाळाच त्यांच्या दारीं होती. पुढें १९५७ त संस्था कोसबाडच्या टेकडीवर गेली, तेथें विकासवाडींत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकाच आवारांत आलीं. धाकटें भावंड पाळण्यांत व थोरली बहीण वर्गांत. गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळा निघाली. वऱ्हाडच्या बांधावर जो प्रश्न शिक्षणखात्यास दिसला नव्हता, त्याचें उत्तर येथें सांपडलें होतें.

ताराबाई ३१ ऑगस्ट १९७३ रोजीं वारल्या. त्यानंतर दोनच वर्षांनीं, २ ऑक्टोबर १९७५ रोजीं, भारत सरकारनें एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस प्रकल्पांनिशीं सुरू केली, आणि तिच्या केंद्रास सबंध देशांत ‘अंगणवाडी’ हेंच नांव मिळालें. महाराष्ट्रांत आरंभीं जे प्रकल्प निघाले त्यांतील एक मुंबईच्या धारावींत होता, व दुसरा धारणीस, म्हणजे मेळघाटांत, अमरावती जिल्ह्यांत. १९२१ सालीं जी बाई अमरावती सोडून गेली, तिच्या कामाचें नांव असें त्याच जिल्ह्याच्या डोंगरांत परत आलें. हा केवळ योगायोग होय. मेळघाटाची निवड कोणी ताराबाईंच्या स्मरणार्थ केली नव्हती. पण इतिहासांत योगायोगाचीही नोंद करावी लागते.

धारणीची परिस्थिति कोसबाडाहून अधिक बिकट होती. वारली मुलाची बोली मराठीच्या नात्यांतील. शिक्षिकेस ती थोड्या दिवसांत कळूं लागे. मेळघाटांतील कोरकूंची भाषा मुंडा कुळांतील असून मराठीशीं तिचें नातेंच नाहीं. तीन वर्षांच्या कोरकू मुलास मराठी गाणें म्हणजे निव्वळ ध्वनि. अशा ठिकाणीं शब्दावर चालणारें शिक्षण पहिल्याच दिवशीं अडतें. मोहाचीं फुलें, सागाचें पान, सिपन्याच्या पात्रांतील गोटे यांस मात्र भाषा लागत नाहीं. म्हणून हातानें शिकण्याची गरज कोसबाडास होती तिच्याहून धारणीस जास्त होती.

प्रत्यक्षांत काय झालें? योजनेंत सहा सेवा आहेत: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भ-सेवा, आरोग्य व आहार यांचें शिक्षण, आणि अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण. मेळघाटांत भूक व रोग हे इतके उघडे होते कीं आहाराचें पारडें जड झालें, आणि १९९३ च्या सुमारास तेथील बालमृत्यूंचा गवगवा झाल्यावर तर सेविकेची किंमत वजनाच्या नोंदीवरूनच होऊं लागली. यांत कोणाचा दोष काढावयाचा? उपाशी मुलापुढें खडे मांडून बसणें हा क्रूरपणा ठरला असता. तरीही परिणाम नोंदलाच पाहिजे: सहांतील शेवटची सेवा शेवटचीच राहिली, आणि खडे, बिया, माती यांच्या जागीं अनेक ठिकाणीं भिंतीवरचा तक्ता आला. तक्ता पाहावयाचा असतो, हाताळावयाचा नसतो.

जें टिकलें तेंही सांगितलें पाहिजे. सेविका त्याच गांवची असावी हा योजनेंतील नियम कोसबाडच्या अंगणाचाच वारसा आहे, मग तो लिहिणाऱ्यांस तें ठाऊक असो वा नसो. त्या नियमामुळें कोरकू पाड्यावर कोरकू बोलणारी बाई मुलांपुढें बसूं शकली. भाषेची अडचण जी कोणत्याही तक्त्यानें सुटली नसती, ती तिच्या तोंडच्या दोन शब्दांनीं सुटली. अकोला व अमरावतीच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यांतही, पुढें अंगणवाड्या पसरल्यावर, वेचणीच्या दिवसांत बांधावरची झोळी पुष्कळ ठिकाणीं गांवांत आली. मात्र केंद्राची वेळ व वेचणीची वेळ जमत नाहीं, त्यामुळें थोरल्या बहिणीची सुटका अर्धवटच झाली.

या विषयाचीं साधनें कागदावर फार थोडीं आहेत. धारणी प्रकल्पांत १९७५ व त्यानंतरच्या पहिल्या चार-पांच वर्षांत ज्या स्त्रिया सेविका वा मदतनीस म्हणून लागल्या, त्यांतील हयात असलेल्या आज सत्तरीच्या आसपास वा तिच्यापुढें आहेत. मुलांस त्यांनीं काय हाताळावयास दिलें, कोरकूंत कोणतीं गाणीं रचिलीं, कोणाच्या अंगणांत प्रथम बसल्या, ही माहिती त्यांच्यापाशीं आहे. त्यांच्या जुन्या हजेरीपटांच्या वा वह्यांच्या प्रति ज्या वाचकांच्या संग्रहीं असतील, अथवा ज्यांस त्यांच्या तोंडून हकीकत उतरून घेणें शक्य असेल, त्यांनीं ती मंडळाकडे पाठविण्याची कृपा करावी. कोरकू गाणीं असल्यास तीं मुळांतील भाषेंतच उतरून घ्यावीं. मराठी अर्थ खालीं दिला तरी चालेल.