पाण्यात न पडता पोहणं : सिम्युलेटरचा इतिहास आणि एक जुना प्रश्न



पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. आजचा विषय आहे या म्हणीला आव्हान देणाऱ्या एका यंत्राचा इतिहास. हे यंत्र म्हणजे सिम्युलेटर. हैदराबादहून कोल्हापूरला येतं ते एटीआर ७२, सत्तरेक आसनांचं पंख्याचं विमान, आज कुणीही घरी संगणकासमोर बसून ‘चालवायला’ शिकू शकतो. तो नेमकं काय शिकतो, हा आपला प्रश्न. पण आधी इतिहास बघू.

एडविन लिंक हा न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनचा तरुण. वडिलांचा पियानो आणि ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. विमान शिकण्याचा खर्च त्या काळी फार. तेव्हा त्याने कारखान्यातलेच भाते घेतले. आपल्या पेटीला भाता असतो ना, त्याच जातीचे. त्यांवर एक ठेंगणं लाकडी विमान बसवलं. दांडा हलवला की भाते फुगत, दबत आणि विमान जागच्या जागी कलत असे. साल १९२९. लोकांनी त्याकडे जत्रेतला पाळणा म्हणूनच पाहिलं. करमणुकीच्या बागांनी ते विकत घेतलं, विमानदलाने नाही.

चित्र पालटलं ते १९३४ मध्ये. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी टपालाची खासगी कंत्राटं रद्द केली आणि ते काम लष्करी वैमानिकांवर सोपवलं. भर हिवाळा, धुकं, रात्र. नुसत्या उपकरणांकडे पाहून उडण्याचा सराव त्यांना जवळजवळ नव्हता. काही आठवड्यांत एकामागून एक विमानं कोसळली, माणसं गेली. मग लष्कराने लिंककडून सहा यंत्रं घेतली, प्रत्येकी ३,५०० डॉलरला. पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक या यंत्रात बसून तयार झाले. म्हणजे बघा, सिम्युलेटरचा शोध हौसेतून लागला खरा, पण त्याला मान्यता मिळाली ती मृत्यूमुळे.

घरात ते आलं वेगळ्या वाटेने. ब्रूस आर्टविक याने १९७५ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रबंध लिहिला. विमानातून दिसणारं दृश्य संगणकाच्या पडद्यावर हलतं कसं दाखवायचं, हा त्याचा विषय. त्यातूनच १९८२ मध्ये मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर निघाला. तेव्हाचा डोंगर म्हणजे दोन-चार रेषा. आज त्याच मालिकेत एटीआरचं अख्खं कॉकपिट मिळतं, बटणाबटणासकट.

आता या विमानाकडे वळू. टर्बोप्रॉपमध्ये आतलं टर्बाइन बाहेरचा पंखा फिरवतं. या पंख्याची पाती आपला कोन बदलतात, ही त्यातली खरी खुबी. पाती हवेला आडवी असली की विमान पुढे ओढलं जातं. ती वाऱ्याच्या दिशेने उभी वळवली, की हवेचा अडथळा कमी होतो, पण ओढही संपते. याला फेदर म्हणतात. इंजिन बंद पडलं की हे वरदानच. म्हणून एटीआरमध्ये दर इंजिनाला दोन दांडे असतात. एक ताकदीचा, आणि दुसरा पंखा व इंधन सांभाळणारा, त्याला कंडिशन लिव्हर म्हणतात. त्याच्या शेजारीच उजवीकडे असतो फ्लॅपचा दांडा.

१५ जानेवारी २०२३. नेपाळमधलं पोखरा. यती एअरलाइन्सचं एटीआर ७२ उतरायच्या बेतात होतं. फ्लॅप आणखी खाली करण्याची सूचना झाली. हात गेला तो शेजारच्या दोन्ही कंडिशन लिव्हरवर, आणि पाती फेदर झाली. इंजिनं चालू होती, पण पंखे विमान ओढत नव्हते. काय झालंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. ७२ माणसं गेली; विमानातलं कुणीही वाचलं नाही. चौकशीच्या अहवालाने हेच कारण नोंदवलं आहे.

तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी इथे थांबतो. गिल्बर्ट राइल यांनी १९४९ च्या आपल्या ग्रंथात एक भेद मांडला : अमुक आहे हे माहीत असणं वेगळं आणि अमुक कसं करायचं हे येणं वेगळं. कंडिशन लिव्हर कुठे असतो, हे त्या वैमानिकांना ठाऊक नव्हतं का? पक्कं ठाऊक होतं. चुकला तो हात.

आता घरचा सिम्युलेटर घ्या. तिथे पोखऱ्याची चूक जवळपास होतच नाही. फ्लॅपसाठी एक कळ दाबायची, किंवा माउसचा बाण नेमका दांड्यावर न्यायचा. हात चुकत नाही, कारण हात तिथे नसतोच! म्हणजे ज्या चुकीने माणसं मेली, तीच चूक या शिक्षणातून गळून पडली आहे.

आपल्याकडे रज्जुसर्पाचा दृष्टान्त आहे. अंधारात दोरी साप वाटली, घाम फुटला. साप खोटा, घाम खरा. घरच्या खुर्चीत उलटं असतं : ही दोरीच आहे, हे आपल्याला आधीच माहीत असतं. म्हणून घाम फुटत नाही. आणि भीतीच्या त्या क्षणी हात कसा वागेल, हे न घाबरलेल्याला कसं कळणार?

मग हे सगळं व्यर्थ का? नाही. राइलच्या दोन प्रकारांशेजारी मी तिसरा ठेवतो : असं का होतं, हे कळणं. खऱ्या विमानात उतरताना दोन्ही पंखे मुद्दाम फेदर करून पाहण्याची मुभा कुणालाही नाही. घरी ती आहे. दांडे ओढा, इंजिनाची घरघर ऐका आणि तरीही वेग उतरत जाताना पाहा. तेव्हा कळतं, की आवाज असतानाही ताकद नसू शकते. मग पोखऱ्याच्या त्या वैमानिकांना बेफिकीर म्हणून मोकळं होणं आपल्याला जमत नाही.

तेव्हा म्हण खोटी ठरली नाही. घरी बसून पोहता येत नाहीच. पण माणूस बुडतो कसा, हे काठावरून नीट समजून घेता येतं. बुडालेल्याविषयी बोलण्याआधी तेवढं तरी समजलेलं असावं.