प्रतिकृती आणि तिच्याखालची जमीन

शस्त्रांचा इतिहास सांगणारे पुष्कळ आहेत. शस्त्रांच्या प्रतिकृतींचा इतिहास मात्र व्यासपीठावर सहसा कोणी सांगत नाही. आमचे शिक्षण गिरणीच्या फाटकावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. विषयाची थोरवी पाहून विषय निवडण्याची सवय आम्हांस लागली नाही. म्हणून आज आम्ही एका वीतभर वस्तूविषयी बोलणार आहोत. ती वस्तू म्हणजे व्हिएतनामच्या युद्धात लढलेल्या आरमारी हेलिकॉप्टरची प्रतिकृती.

प्रथम मापाविषयी. अशा प्रतिकृतींचे एक रूढ प्रमाण एकास बहात्तर हे आहे. हिशेब सोपा आहे. सहा फूट म्हणजे बहात्तर इंच. तेव्हा सहा फुटी माणूस येथे बरोबर एक इंचाचा होतो. १९४२ साली अमेरिकेच्या आरमाराने याच प्रमाणातील पाच लक्ष विमाने शाळांतील मुलांकडून मागवली. हेतू करमणुकीचा नव्हता. आकाशातले विमान आपले की शत्रूचे, हे नुसत्या आकृतीवरून क्षणात ओळखता यावे, यासाठी शिकवणीचे ते साधन होते. म्हणजे हे खेळणे त्या काळी ओळख पटवण्यासाठी कामी आले. हा मुद्दा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो उपयोगी पडणार आहे.

१ एप्रिल १९६७ रोजी अमेरिकी आरमाराने व्हिएतनामात लढाऊ हेलिकॉप्टरांचे एक पथक उभारले. त्याचे नाव ‘सीवुल्व्ह्ज’, म्हणजे समुद्री लांडगे. यंत्रे होती बेल कंपनीची, ‘ह्यूई’ या नावाने ओळखली जाणारी, आणि तीही भूसेनेने वापरून दिलेली. डोक्यावरचा पंखा ४४ फुटी. प्रतिकृतीत तो सुमारे सव्वासात इंच होतो. आत दोन वैमानिक, दोन्ही दारांशी दोन बंदूकधारी, बाहेर दोहो बाजूंस अग्निबाणांच्या नळ्या. मेकाँग नदीच्या मुखाशी कालव्यांचे जाळे आहे. तेथे गस्त घालणाऱ्या नौकांवर काठावरून मारा झाला की ही हेलिकॉप्टरे धावून जात. अनेक खलाशांचे प्राण त्यांनी वाचवले. मार्च १९७२ मध्ये पथक मोडले, तोवर त्यातील ४४ जण कामी आले होते. त्यांच्या धैर्यास उणे लेखण्याचे आम्हांस कारण नाही.

परंतु खाली कोण होते? त्याच मुलुखात डिसेंबर १९६८ ते मे १९६९ या काळात अमेरिकी भूसेनेच्या नवव्या डिव्हिजनने एक मोहीम चालवली. ती या आरमारी पथकाची नव्हे. परंतु हेलिकॉप्टरांचा मारा तिच्यातही भरपूर होता. मारलेल्या शत्रूंचा आकडा सुमारे १०,९०० दिला गेला आणि हाती लागलेली शस्त्रे भरली ७४८. पुढे सैन्याच्याच अंतर्गत तपासणीत मृतांपैकी ५,००० ते ७,००० सामान्य नागरिक असावेत असा अंदाज निघाला. विमान ओळखण्यासाठी मुलांकडून लाखो प्रतिकृती मागवल्या गेल्या. भातशेतात वाकलेला माणूस शेतकरी की सैनिक, हे ओळखण्यासाठी कोणी काय मागवले होते?

हा प्रश्न आमचा नव्हे. तो आम्हांस परळच्या चाळीत मिळाला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्या वर्षीची दिवाळी. घरोघर चुली मंदावलेल्या. फटाक्यांचे नावही कोणी काढीत नव्हते. किल्ल्यास मात्र पैसे लागत नाहीत. विटा, गोणपाट, माती आणि हिरवळीसाठी मूठभर मोहरी, एवढ्यावर आम्ही पोरांनी किल्ला उभा केला. फोर्टातील पदपथावर चाळलेल्या एका जुन्या मासिकातले हेलिकॉप्टर आमच्या मनात भरले होते. गिरणीतल्या जुन्या लाकडी बॉबिनचे त्याचे धड, डालड्याच्या डब्याच्या पत्र्याचा पंखा आणि सायकलच्या आऱ्याच्या बंदुका केल्या, आणि ते दोऱ्याने किल्ल्यावर टांगले.

साचेखात्यातले एक शेजारी बघत उभे राहिले. म्हणाले, “झकास केलंत रे पोरांनो. पण हे गोळ्या कुणावर झाडणार? खाली तर सगळी आपलीच माणसं.”

आम्ही खाली पाहिले. नांगरधारी शेतकरी, विहिरीवरची बाई, गवळण, वाणी. प्रमाण सगळे चुकलेले. महाराज बुरुजाहून उंच आणि गवळण गाईहून मोठी. परंतु किल्ल्याच्या पायथ्याशी गाव असावेच लागते, हे आमच्या चिखलाच्या हातांस ठाऊक होते. कोणाचेच काही न बोलता बंदुका निघाल्या आणि दोऱ्याच्या टोकाला भाकरीचे गाठोडे लागले.

प्रतिकृती क्षुल्लक मानू नये. ‘विक्रांत’ १९६१ साली मुंबईस आली. विमाने उडताना तिचे हेलिकॉप्टर समुद्रात पडलेल्या वैमानिकास उचलण्यासाठी सज्ज असे. पुढे ती संग्रहालय झाली, आणि २०१४ साली दारूखान्यात तिचे लोखंड तोडण्यास प्रारंभ झाला. आज मुलास ती दाखवायची तर लहानशी प्रतिकृतीच दाखवावी लागते. मोठी वस्तू जाते, लहान मागे राहते, आणि पुढच्या पिढीस तीच इतिहास म्हणून मिळते. लहान करताना जे वगळले, ते इतिहासातूनही वगळले जाते.

म्हणून घरातील मुलगा असे हेलिकॉप्टर जोडत बसला तर त्यास रागावू नये. त्याचे माप, त्याचा रंग, त्याच्या हाताची सफाई, सारे कौतुकाने पाहावे. मग शेजारी एक पाट ठेवून सांगावे की आता याच्याखालची नदी कर, शेत कर, आणि त्यात एक इंचाची माणसे उभी कर.