निराश्रितांना जामीन

आकाशवाणीचा कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी तंबोऱ्याच्या सुरावर जी एक लहानशी धून वाजते, ती आपणांपैकी बहुतेकांच्या कानांत बालपणापासून बसलेली आहे. शिवरंजनीची छाया असलेली ही सुरावट वॉल्टर कॉफमन नावाच्या संगीतज्ञाने रचिली, असे मानले जाते. हे गृहस्थ बोहेमियातील कार्ल्सबाडचे. बर्लिन व प्राग येथे शिकलेले. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली आणि ज्यू कुळात जन्मलेल्या कलावंतास तेथे उभे राहावयास जागा उरली नाही. १९३४ साली कॉफमन मुंबईस आले. १९३७ पासून १९४६ पर्यंत मुंबई नभोवाणीवरील पाश्चात्य संगीताचा विभाग त्यांच्याकडे होता. युरोपातील निराश्रितांचा प्रश्न म्हटला म्हणजे तो आपल्यापासून हजारो मैल दूरचा वाटतो. पण त्याचा एक सूर नित्य आपल्या माजघरात येऊन जात होता, हे ध्यानात असू द्यावे.

आज मला सांगावयाचे आहे ते या निराश्रितांच्या दुःखाविषयी तितके नाही, जितके त्यांच्यासाठी जामीन राहिलेल्या माणसांविषयी. दुःखाची वर्णने पुष्कळ झाली आहेत. परंतु परमुलखात उतरलेल्या माणसाला भाकरीच्याही आधी कोणती वस्तू लागते, तर 'हा मनुष्य अमुक आहे, याची हमी आम्ही घेतो' असे सरकारदरबारी सांगणारा कोणी तरी लागतो. ते काम कोणी व कसे केले, हा इतिहासाचा भाग क्वचितच सांगितला जातो.

प्रथम शब्दांचा घोळ दूर करू. आमच्या महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळली व वाडी गडप झाली. माणसे गेली, घरे गेली, गुरे गेली. जे वाचले त्यांना आपण विस्थापित म्हणतो. वीरसारख्या शेजारच्या गावांतून तेव्हा जो हळहळला नाही असा मनुष्य विरळा. तथापि त्या वाचलेल्यांचे सातबारा तलाठ्याच्या दप्तरी शाबूत होते, नावे मतदारयादीत होती, आणि भांडावयाचे झाल्यास भांडण्यासाठी एक सरकार होते. निर्वासिताचे तसे नसते. त्याचे घर कदाचित जागच्या जागी उभे असेल. पण ज्या सरकारने त्याचे रक्षण करावयाचे, तेच त्याच्या जिवावर उठलेले असते. त्याच्या पाठीशी राज्यच नसते. म्हणून त्याचा प्रश्न केवळ अन्नवस्त्राचा नसून कागदाचा असतो.

पहिल्या महायुद्धानंतर हा कागदाचा प्रश्न युरोपात प्रथमच प्रचंड प्रमाणावर उभा राहिला. रशियन राज्यक्रांतीनंतर परागंदा झालेल्या लोकांना कोणत्याच देशाचा परवाना मिळेना, तेव्हा नॉर्वेचे संशोधक फ्रिट्यॉफ नान्सेन यांच्या नावाने ओळखले जाणारे प्रवासपत्र १९२२ साली निघाले. एखाद्या राष्ट्राचे नव्हे, तर एका माणसाचे नाव परवान्यास मिळावे, यात त्या काळाचे सारे दारिद्र्य दिसून येते. पुढे लंडनच्या एका अभ्यासमंडळाने, ज्याला रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ इंटरनॅशनल अफेअर्स म्हणतात, सर जॉन होप सिंप्सन यांजकडून सर्व निर्वासितांची पाहणी करविली. होप सिंप्सन हे हिंदुस्थानच्या सनदी नोकरीतून निवृत्त झालेले अधिकारी. जमाबंदीची दप्तरे तपासण्यात ज्याचे तारुण्य गेले, त्याने उतारवयात युरोपभर विखुरलेल्या बेघरांची खानेसुमारी करावी, हा योग मोठा विलक्षण खरा. त्यांचा ग्रंथ १९३९ च्या आरंभी प्रसिद्ध झाला. किती लोक, कोठून निघाले, कोठे अडकले, कोणत्या कायद्याने अडकले, हे सारे त्यात मांडले होते. त्याच सुमारास एलिनॉर रॅथबोन या बाई पार्लमेंटातील सभासदांची एक समिती उभी करून निर्वासितांची एकेक प्रकरणे मंत्र्यांपुढे नेत होत्या. एकाने मोजावे, दुसऱ्याने मांडावे, अशी ही जोडी. मोजल्यावाचून मांडणे म्हणजे नुसता गळा काढणे होय. आणि मांडल्यावाचून मोजणे म्हणजे ग्रंथालयाच्या कपाटात भर घालणे. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ येथे ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले, सहानुभूतीची भाषणे झाली, आणि दारे बहुतेक ठिकाणी होती तशीच मिटलेली राहिली. यावरून नुसत्या सहानुभूतीचे मोल कळते.

आता मुंबईकडे वळू. येथे १९३४ साली ज्युइश रिलीफ असोसिएशन ही संस्था निघाली. कोकणच्या माणसाला ज्यू हे काही परके नव्हेत. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यात, ज्याला आज आपण रायगड म्हणतो, बेने इस्राएल मंडळी शतकानुशतके तेलाचा घाणा चालवीत आली. शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. ती मराठीच बोलत, आणि आडनावे आपल्यासारखीच गावावरून घेत. त्यांच्या बाबतीत परवान्याचा प्रश्न कधी उद्भवलाच नाही. गावाने ओळखले, तेवढे पुरे झाले. परंतु व्हिएन्नाहून आलेला डॉक्टर अथवा बर्लिनचा दुकानदार बंदरावर उतरे, तेव्हा त्याला ओळखणारे गाव येथे नव्हते. ते गावाचे काम या संस्थेने अंगावर घेतले.

तिचे काम कोणते? आलेल्यांस तात्पुरता आसरा देणे व नोकरी पाहून देणे हे तर होतेच. खरे महत्त्वाचे काम निराळे होते. अमुक मनुष्य सरकारवर भार होऊन पडणार नाही, त्याच्या चरितार्थाची जबाबदारी आमची, अशी लेखी हमी संस्था देई. १९३८ नंतर, जेव्हा युरोपातून निघण्यासाठी घाई उडाली आणि हिंदुस्थान सरकारने प्रवेशाचे नियम आवळले, तेव्हा या हमीला मोठे मोल आले. मुंबईत सही झालेला एक कागद दूरच्या वकिलातीत पोहोचला म्हणजे तेथे एका कुटुंबाला प्रवेशाचा शिक्का मिळे. ऑक्टोबर १९३८ मध्ये जर्मन सरकारने ज्यूंच्या पारपत्रांवर 'जे' हे अक्षर उमटविण्याचा हुकूम काढला होता. ते अक्षर दिसले की अनेक देशांचे अधिकारी पारपत्र मिटून परत करीत. त्या अक्षराला उत्तर म्हणून ही सही होती.

सारेच हिंदी लोक या कामी अनुकूल होते असे मात्र म्हणता यावयाचे नाही. परदेशी डॉक्टर आल्यास आपल्या पोटावर पाय येईल, अशी ओरड येथील डॉक्टरवर्गातून झाली. काँग्रेसमध्येही एकमत नव्हते. जवाहरलाल नेहरूंना वाटे की, या शिकलेल्या लोकांचा देशाने उपयोग करून घ्यावा. सुभाषचंद्र बोस यांचा त्यास विरोध होता. परतंत्र देशाने दुसऱ्या निराश्रिताला आसरा देण्याची चर्चा करावी, यात मला तरी काही विसंगत वाटत नाही. ज्याचे घर सावकाराकडे गहाण आहे तोही दारी आलेल्याला ओटीवर बसवितोच.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटले आणि या कथेला विचित्र वळण लागले. जर्मन पारपत्र असलेला पुरुष म्हणजे शत्रूराष्ट्राचा प्रजाजन, असा सरळ हिशेब करून सरकारने सर्वांना एका दावणीला बांधले. अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत हिटलरचे कट्टर अनुयायी आणि हिटलरच्या भयाने पळालेले ज्यू हे एकाच कुंपणात कोंडले गेले! पुढे देवळालीसही अशी छावणी झाली. ज्यांच्यापासून पळून सात समुद्र ओलांडले, तेच जेवणाच्या रांगेत मागे उभे. येथे पुन्हा ती मुंबईची संस्था पुढे सरसावली. अमुक मनुष्य कोण, केव्हा आला, कोणत्या कारणाने आला, याची माहिती तिच्या दप्तरी होती. ती तिने सरकारपुढे ठेविली व सुटकेची मागणी लावून धरिली. सरकारने सर माल्कम डार्लिंग यांच्या अध्यक्षतेखाली चौकशीसमिती नेमिली. डार्लिंग हे पंजाबातील शेतकऱ्यांच्या कर्जाचा अभ्यास करून नावाजलेले अधिकारी. समितीने एकेकाची विचारपूस केली आणि बहुतेक निर्वासित मोकळे झाले. आधीपासून टिपून ठेवलेली माहिती हाताशी नसती, तर केवळ गयावया करून एवढे साधले नसते.

१९४० च्या उन्हाळ्यात फ्रान्स पडल्यावर भयाची दुसरी लाट आली आणि कित्येकांना पुन्हा अडकविण्यात आले. कुटुंबांसाठी पुरंदर व सातारा येथे वचनबंदीच्या वसाहती निघाल्या. ज्या पुरंदरावर १६६५ साली शिवाजी महाराजांना मिर्झाराजांशी तह करावा लागला, आणि जेथे पुढे इंग्रजांनी गोऱ्या सोजिरांसाठी आरोग्यस्थान केले, त्या गडावर नाझीविरोधी जर्मन व ज्यू कुटुंबे युद्ध संपण्याची वाट पाहत दिवस काढीत होती. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी जर्मनीने हुकूम काढून परदेशी राहणाऱ्या आपल्या सर्व ज्यूंचे नागरिकत्व काढून घेतले. म्हणजे जर्मनी म्हणे, हे आमचे नव्हेत. आणि येथील दप्तर म्हणे, हे जर्मनच. या दोहोंच्या मध्ये जो सापडला, त्याला कोणत्या कोर्टात दाद मागावयाची?

दाद मागणे म्हणजे काय, हे महाडच्या परिसरातील माणसाला शिकवावे लागत नाही. चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव महाडच्या नगरपालिकेने १९२४ सालीच केला होता. ठराव दप्तरात होता. पाणी मात्र तळ्यातच राहिले. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर अनुयायांसह तळ्यावर गेले, आणि त्यानंतर दिवाणी दावा चालून मुंबई हायकोर्टाचा निकाल मिळण्यास १७ मार्च १९३७ उजाडला. दहा वर्षे साक्षीपुरावे! कोणी दयेने ओंजळभर पाणी घालणे निराळे, आणि हे पाणी माझे आहे असे सिद्ध करून पिणे निराळे. निर्वासितांच्या बाबतीतही नेमका हाच भेद आहे.

युद्धकाळात महाराष्ट्रात आलेला दुसरा मोठा समुदाय पोलिश लोकांचा. सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडचे जर्मनी व रशिया यांनी लचके तोडले. फेब्रुवारी १९४० ते जून १९४१ या अवधीत रशियाने पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांस मालगाड्यांत कोंबून सायबेरिया व कझाकस्तानकडे धाडले. पुढे जर्मनी रशियावर उलटल्यावर ३० जुलै १९४१ रोजी करार झाला, हे लोक सुटले, आणि १९४२ साली त्यांतील एक लाखाहून अधिक सैनिक व नागरिक इराणात पोहोचले. त्यांतून स्त्रिया, मुले व वृद्ध असे सुमारे पाच हजार लोक १९४३ पासून कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथील वसाहतीत आले. आजारी मुलांसाठी पाचगणीस व्यवस्था होती. नवानगरच्या जामसाहेबांनी काठेवाडात बालाचडी येथे अनाथ मुलांना त्याआधीच, १९४२ साली, ठेवून घेतले होते.

वळिवड्यासंबंधी एक गैरसमज रूढ आहे. कोल्हापूर दरबारने त्यांना पोसले, असे सांगितले जाते. कोल्हापूरच्या आतिथ्यास कमीपणा न आणता सांगितले पाहिजे की, वसाहतीचा खर्च लंडनमध्ये आश्रयास असलेल्या पोलिश सरकारने सोसला. येथून मिळाली ती जागा व शेजार. मला तर ही गोष्ट अधिक मोलाची वाटते. बराकींतून प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र खोल्या व चूल होती. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाट्यगृह, बालवीरांची पथके, सारे त्यांचे त्यांनी चालविले. लोक आश्रित म्हणून नव्हे, तर पोलंडचे नागरिक म्हणून राहत होते.

आणि ते नागरिकत्वच जुलै १९४५ मध्ये डळमळले. ब्रिटनने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातील नव्या सरकारला दिली. पुढे वसाहतीचा कारभार संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थेकडे गेला, आणि मायदेशी परता, हा आग्रह सुरू झाला. पण कित्येकांचे गाव आता रशियाच्या हद्दीत गेलेले. ज्यांनी मालगाडीत कोंडले त्यांच्याच छायेत परत जावयाचे कसे? बालाचडीच्या मुलांवर असाच प्रसंग आला, तेव्हा जामसाहेब, एक ब्रिटिश अधिकारी व मुलांचे धर्मगुरू यांनी मिळून त्या मुलांना कायदेशीर दत्तक घेतले, असे तेथे वाढलेल्यांच्या आठवणींत आढळते. परत न पाठविले जाण्याचा हक्क जेव्हा कोठल्याच कायद्यात नव्हता, तेव्हा बापाचा हक्क पुढे केला गेला!

तो कायदा येण्यास फार काळ लागला नाही. १२ फेब्रुवारी १९४६ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने ठरविले की, सबळ कारण दाखविणाऱ्या निर्वासितास परत जाण्याची सक्ती करू नये. तेच तत्त्व २८ जुलै १९५१ च्या जिनिव्हा करारात तेहतिसावे कलम म्हणून आले. भारताने त्या करारावर आजपर्यंत सही केलेली नाही. मूळ करार १९५१ पूर्वीच्या घटनांपुरता होता, आणि तो युरोपपुरता मर्यादित ठेवण्याची मुभा राष्ट्रांना होती. त्याच वेळी फाळणीने आपल्या उपखंडात एक कोटीहून अधिक लोक उखडले गेले होते. त्यांचा विचार त्यात नव्हता, हे आपले गाऱ्हाणे खोटे नव्हते. १९६७ साली ती मर्यादा उठली. युरोपात १९७४ पासून निर्वासितांसाठी झटणाऱ्या खाजगी संस्थांचा एक संघच आहे; सरकारांच्या कायद्यांची तपासणी करणे आणि निर्वासितांची बाजू मांडणे हे त्याचे काम. मुंबईच्या त्या जुन्या संस्थेने जे बंदरावर केले, तेच हे लोक कोर्टकचेऱ्यांतून करतात.

वळिवड्याचे पोलिश लोक १९४८ पर्यंत पांगले: कोणी इंग्लंडला, कोणी ऑस्ट्रेलियाला, कोणी आफ्रिकेतील वसाहतींत, थोडे पोलंडला. काही कोल्हापूरच्या मातीतच राहिले; त्यांची थडगी तेथे आहेत. १९९८ साली कोल्हापुरात त्यांच्या आठवणीचा स्तंभ उभा राहिला, आणि वॉर्सा शहरातही आता कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. रिकाम्या झालेल्या बराकी मात्र फार दिवस रिकाम्या राहिल्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे त्यांत उतरविण्यात आली. वसाहतीचे नाव गांधीनगर झाले. त्या मंडळींनी तेथे कापडाची दुकाने घातली, आणि आज लग्नाचा बस्ता बांधावयाचा झाला म्हणजे आसपासच्या जिल्ह्यांतून लोक गांधीनगरच्या पेठेत जातात.