इंदिरा गांधी कालवा प्रदेशातील शाश्वत नागरी गृहरचना

इंदिरा गांधी कालवा प्रदेशातील शाश्वत नागरी गृहरचना हा वास्तुशास्त्र, नगररचना आणि भूजलशास्त्र यांच्या सीमेवरील विषय आहे. राजस्थानातील थरच्या वाळवंटात कालव्याचे पाणी पोहोचल्यानंतर जी मंडी-गावे वसली आणि जी जुनी शहरे वाढली, तेथील घरांच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या व कमी ऊर्जेवर चालणाऱ्या बांधणीचा विचार त्यात होतो. वाळवंटातील घर म्हटले की प्रथम उष्णता आठवते. मात्र सिंचनाखाली आलेल्या वाळवंटात घराला अधिक धोका जमिनीतून वर चढणाऱ्या पाण्याचा आणि क्षारांचा असतो. हा प्रदेश शतकानुशतके कोरडा असल्याने येथील पारंपरिक बांधणीत या धोक्यावर उपाय आढळत नाही.

पार्श्वभूमी

या भागातील पहिला मोठा आधुनिक कालवा म्हणजे बिकानेरचे महाराजा गंगासिंह यांनी सतलजचे पाणी आणण्यासाठी बांधलेला गंग कालवा. तो १९२७ मध्ये सुरू झाला आणि श्रीगंगानगर हे शहर त्याच्यामुळे भरभराटीस आले. बिकानेर संस्थानातील अभियंते कंवर सेन यांनी १९४८ मध्ये आणखी मोठ्या कालव्याची कल्पना मांडली. त्यानुसार ३१ मार्च १९५८ रोजी राजस्थान कालव्याची पायाभरणी झाली. १९८४ मध्ये त्याला इंदिरा गांधी कालवा हे नाव देण्यात आले. सतलज व बियास यांच्या संगमाजवळील हरिके येथून निघणारी २०४ किमीची पोषक वाहिनी आणि ४४५ किमीचा मुख्य कालवा मिळून त्याची लांबी ६४९ किमी होते. मुख्य कालवा जैसलमेर जिल्ह्यातील मोहनगढपर्यंत जातो.

वसाहतीची आखणी शेतीच्या मोजमापावर झाली. प्रत्येकी २५ बिघ्यांचे चौरस म्हणजे ‘मुरब्बे’ पाडून त्यांचे ‘चक’ बनवले गेले. अनेक वस्त्यांना आजही कालव्यावरील अंतराचे किंवा वितरिकेचे आकडेच नाव म्हणून चिकटलेले आहेत. घडसाना, रावला, खाजूवाला यांसारखी बाजारगावे धान्यमंडीभोवती वाढली. वसाहतकऱ्यांमध्ये स्थानिक भूमिहीन होते, तसेच हिमाचल प्रदेशातील पोंग धरणामुळे विस्थापित झालेली डोंगराळ भागातील कुटुंबेही होती. वाळूत घर बांधण्याचा अनुभव या विस्थापितांना नव्हता.

हवामान आणि घराची मांडणी

जैसलमेर परिसरात वर्षाला सुमारे १५० ते २०० मिमी पाऊस पडतो. उन्हाळ्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, तर हिवाळ्यातील रात्री गोठणबिंदूच्या जवळ उतरतात. १९ मे २०१६ रोजी फलोदी येथे ५१ अंश तापमानाची नोंद झाली. दिवस व रात्र यांच्या तापमानातील मोठा फरक हाच येथील पारंपरिक बांधणीचा आधार आहे. जाड दगडी किंवा मातीच्या भिंतीतून दुपारची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होते आणि तोवर माणसे गच्चीवर झोपायला गेलेली असतात. जैसलमेरच्या अरुंद गल्ल्या, एकमेकांना टेकलेली घरे, आतले चौक आणि जाळीदार गवाक्षे यांमुळे भिंतींवर थेट ऊन कमी पडते.

मंडी-गावांच्या आराखड्यात मात्र ट्रॅक्टर व मालमोटारींसाठी रुंद, काटकोनी रस्ते आखले गेले. त्यामुळे घरे चारही बाजूंनी उन्हात उघडी पडली. घराची लांब बाजू उत्तर-दक्षिणेला ठेवणे, पश्चिमेच्या भिंतीला जिना, कोठार किंवा स्नानगृह लावून आतल्या खोल्या झाकणे, शेजारच्या घराशी भिंत सामाईक ठेवणे आणि रस्त्यालगत सलग ओसरी काढणे या उपायांना विशेष खर्च येत नाही. या अक्षांशावर उन्हाळ्यातील सर्वाधिक ऊन छतावर पडत असल्याने गच्चीला चुन्याचा पांढरा लेप देणे किंवा उपडी मडकी मांडून वर कोबा करणे हे उपाय वातानुकूलन यंत्रापेक्षा आधी करण्याजोगे आहेत. पाण्यावर चालणारा कूलर कोरड्या हवेत उत्तम काम देतो, पण हवा दमट झाल्यावर त्याचा गारवा कमी होतो.

भूजल आणि क्षार

कालव्यातून व शेतातून झिरपलेले पाणी खाली जाते आणि तेथे साचते. अनेक ठिकाणी कमी खोलीवर जिप्समचा किंवा चिकणमातीचा कठीण थर असल्याने ते आणखी खाली जाऊ शकत नाही. वाळवंटात नैसर्गिक निचरा करणाऱ्या नद्याही जवळपास नाहीत. हनुमानगढ जिल्ह्यातील बडोपल परिसरात अशा पाण्यामुळे खारी दलदल तयार झाली. हिवाळ्यात तेथे येणाऱ्या स्थलांतरित पक्ष्यांसाठी ती आता पक्षिनिरीक्षकांना परिचित आहे, पण त्याच पाण्याखाली शेती गेली. पश्चिम महाराष्ट्रातील बागायती पट्ट्यात ज्या जमिनीला क्षारपड म्हणतात, तिचेच हे वाळवंटी रूप आहे.

भूजल जमिनीजवळ आले की ते केशाकर्षणाने भिंतीत चढते. पृष्ठभागावर पाणी उडून जाते आणि क्षार मागे राहतात. सोडियम सल्फेट हा त्यांतील सर्वांत विध्वंसक क्षार आहे. सुमारे ३२ अंशांखाली ओलावा मिळाल्यास तो पाणी शोषून नवे स्फटिक बनवतो आणि त्याचे आकारमान जवळपास चौपट होते. थरमध्ये वर्षातील बरेच महिने दिवसाचे तापमान या मर्यादेच्या वर, तर रात्रीचे खाली असते. त्यामुळे स्फटिक पुनःपुन्हा तयार होतात आणि विटेचा पृष्ठभाग आतून ढकलून सोलतात. भिंतीच्या खालच्या भागात पांढरा पापुद्रा दिसणे ही त्याची पहिली खूण असते.

दुसरा धोका पायाचा. वाऱ्याने साचलेली वाळू व पोयटा कोरडे असताना भार पेलतात, पण भिजल्यावर एकाएकी खचतात. जिप्सम तर पाण्यात विरघळतो. म्हणूनच मोरी, पाण्याची टाकी किंवा शोषखड्डा ज्या कोपऱ्यात असतो, तेथे भिंतीला तिरक्या भेगा लवकर पडतात.

पाया, भिंती आणि साहित्य

अशा जमिनीवर बांधकामापूर्वी भूजलाची पातळी केवळ एकदा मोजून भागत नाही. पिकाला पाणी सुरू असताना आणि बंद असताना, अशी दोनदा ती पाहावी लागते. जोते उंच घेणे, जोत्याखाली जाड खडीचा थर देऊन केशाकर्षण तोडणे आणि जोत्याच्या पातळीवर अखंड ओलप्रतिबंधक थर टाकणे या तीन गोष्टी टाळल्यास वरची कोणतीही काळजी टिकत नाही. पायाच्या काँक्रीटसाठी सल्फेट-प्रतिरोधक किंवा स्लॅगयुक्त सिमेंट वापरतात. काँक्रीट कालवण्यासाठी खारे विहिरीचे पाणी वापरल्यास त्यातील क्लोराइडमुळे सळ्या गंजतात. खाऱ्या मातीच्या विटा भाजल्या तरी त्यांत क्षार राहू शकतात.

ओल आलेल्या भिंतीवर घट्ट सिमेंटचा गिलावा करण्याची पद्धत सर्वत्र दिसते, पण ती घातक आहे. गिलाव्याने वाट बंद झाली की ओल आणखी वर चढते. चुन्याचा सच्छिद्र गिलावा स्वतः झिजतो आणि भिंत वाचवतो. दर काही वर्षांनी तो काढून नवा लावणे हा देखभालीचाच भाग मानावा लागतो.

माती पूर्णपणे सोडून देण्याचे मात्र कारण नाही. ऑगस्ट २००६ मध्ये बाडमेर जिल्ह्यात महापूर आला, तेव्हा खालच्या जिप्समच्या थरामुळे पाणी दीर्घकाळ जिरले नाही आणि मातीची असंख्य घरे कोसळली. त्यानंतर सीड्स या संस्थेने थोडे सिमेंट मिसळून दाबलेल्या मातीच्या ठोकळ्यांची सुमारे ३०० गोल घरे बांधली. गोल घराचा आकार स्थानिक झोपड्यांवरून घेतलेला होता.

पाणी व सांडपाणी

दुरुस्तीसाठी कालवा दरवर्षी काही आठवडे बंद ठेवला जातो. ही ‘नहरबंदी’ बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर येते आणि तेवढ्या काळात गावे ‘डिग्गी’ नावाच्या साठवण तलावांवर भागवतात. म्हणून कालवा आला तरी घरातील टांके, म्हणजे पावसाचे पाणी साठवणारी भूमिगत टाकी, कालबाह्य ठरत नाही. १०० चौरस मीटर छतावर २०० मिमी पाऊस पडल्यास २०,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला, तरी उरलेले १६,००० लिटर पाणी दिवसाला ४० लिटर या प्रमाणात चौघांच्या कुटुंबाला पिण्यासाठी व स्वयंपाकासाठी वर्षभर पुरते. टाकी घराच्या पायापासून दूर आणि गळतीविना असणे मात्र आवश्यक आहे.

सांडपाण्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. भूजल वर आलेल्या गावात शोषखड्डा हा उपाय नसून रोगाचाच भाग ठरतो. तो भूजल दूषितही करतो आणि पातळीही वाढवतो. जैसलमेरचा किल्ला हे याचे ठळक उदाहरण आहे. परंपरेनुसार ११५६ मध्ये स्थापन झालेल्या या किल्ल्यात आजही लोकवस्ती आहे. नळाचे पाणी आल्यावर त्याचा वापर कित्येक पटींनी वाढला, पण जुन्या उघड्या गटारांची रचना त्या प्रमाणात बदलली नाही. झिरपलेल्या पाण्याने टेकडीतील चिकणमातीचे थर मऊ झाले आणि काही बुरूज ढासळले. १९९६ मध्ये जागतिक स्मारक निधीने किल्ल्याचा समावेश धोक्यातील स्मारकांच्या यादीत केला. नव्या वस्तीत बंद गटारे आणि एकत्रित शुद्धीकरण यांची सोय प्लॉट विकण्याआधी झाली, तरच ती स्वस्त पडते. शुद्ध केलेले पाणी गावाबाहेरील वृक्षपट्ट्याला देता येते. निलगिरी व शिसव यांसारखी झाडे वाळू अडवतात, तसेच मुळांवाटे भूजल खेचून पातळी उतरवण्यास मदत करतात.

नवे बारिस

नव्याने सिंचित वाळवंटासाठी घरे रचण्याचा दुसरा प्रसिद्ध प्रयत्न इजिप्तमधील खारगा मरूद्यानात झाला. तेथे भूजल सापडल्यावर वास्तुविशारद हसन फती यांनी १९६० च्या दशकात सुमारे २५० कुटुंबांसाठी नवे बारिस या गावाचा आराखडा केला. मातीच्या विटा, घुमटाकार छते, अरुंद गल्ल्या आणि वारा खाली ओढणारे मनोरे यांच्या आधारे तेथील बाजाराची कोठारे यंत्राविना थंड राखण्याची योजना होती. १९६७ च्या युद्धामुळे काम थांबले आणि ठरल्याप्रमाणे वस्ती झालीच नाही. त्यामुळे फती यांच्या रचनेने उष्णतेचा प्रश्न कसा हाताळला याचा अभ्यास होतो, पण सिंचनाची काही दशके त्या मातीच्या भिंतींवर गेली असती तर त्यांचे काय झाले असते, याची कसोटी तेथे लागली नाही. थरमधील मंडी-गावांत ती रोज लागते आहे.