हिमघुबड : हिवाळी संचार

उत्तर ध्रुवाभोवतीच्या वृक्षहीन टंड्रा प्रदेशात वीण करणारा एक मोठा शुभ्र शिकारी पक्षी. शास्त्रीय नाव ब्यूबो स्कँडिअ‍ॅकस. लांबी सु. ५२–७१ सेंमी.; पंखविस्तार सु. १.५ मी. प्रौढ नर जवळजवळ निष्कलंक पांढरा, तर त्याहून मोठ्या असणाऱ्या मादीच्या अंगावर काळपट आडव्या रेषा असतात. ध्रुवीय उन्हाळ्यात सूर्य मावळतच नसल्याने हे घुबड भर उजेडातही शिकार करते.

त्याचा जीवनक्रम लेमिंग या लहान कृंतक प्राण्यावर अवलंबून आहे. लेमिंगांची संख्या काही वर्षांच्या अंतराने वाढते व ओसरते. सुकाळाच्या वर्षी मादी जमिनीवरील उथळ खळग्यात प्रसंगी अकरापर्यंत अंडी घालते, आणि दुष्काळाच्या वर्षी पुष्कळशा जोड्या वीणच करीत नाहीत. अन्नाच्या शोधात एका वर्षीचा मुक्काम व पुढच्या वर्षीचा मुक्काम यांत शेकडो किलोमीटरांचे अंतर पडते.

हिवाळ्यात काही पक्षी दक्षिणेस कॅनडाच्या गवताळ मैदानांत नियमाने उतरतात. परंतु काही वर्षी त्यांची लाटच्या लाट नेहमीची सरहद्द ओलांडून दूरच्या मुलखात पसरते. उपासमारीने हाकलली गेलेली ही पाखरे होत, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. तथापि अशा लाटांत बहुसंख्येने त्याच वर्षी जन्मलेली पिल्ले असतात व त्यांतील अनेक चांगली धष्टपुष्ट असतात, हे दिसून आल्यावर ही लाट आदल्या उन्हाळ्यातील भरघोस विणीचे फलित असल्याचे मत बळावले. २०१३ च्या उन्हाळ्यात क्वेबेकच्या उत्तर भागात लेमिंगांचा सुकाळ होता. त्यापाठोपाठ २०१३–१४ च्या हिवाळ्यात ही घुबडे पूर्व अमेरिकेत कित्येक दशकांत दिसली नव्हती इतक्या संख्येने आली व फ्लॉरिडा आणि बर्म्यूडापर्यंत पोहोचली. त्याच हिवाळ्यात ‘प्रोजेक्ट स्नोस्टॉर्म’ या उपक्रमाने पक्ष्यांच्या पाठीवर प्रेषक बसवून त्यांच्या मार्गांची नोंद ठेवण्यास आरंभ केला. २०२१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एक हिमघुबड उतरले. तेथील त्यापूर्वीचा दाखला १८९० चा होता.

सर्वच पक्षी दक्षिणेस येत नाहीत. उपग्रहांद्वारे घेतलेल्या मागोव्यावरून, काही माद्या संपूर्ण हिवाळा गोठलेल्या समुद्रावर काढतात व बर्फातील मोकळ्या पाण्याजवळ जमणाऱ्या समुद्री बदकांवर बहुधा उपजीविका करतात, असे आढळले आहे.

दक्षिणेत विमानतळांची उघडी, सपाट जमीन टंड्रासारखी असल्याने ती या पाहुण्यांना विशेष मानवते व तेथेच त्यांच्या जिवास धोका असतो. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर नॉर्मन स्मिथ यांनी १९८१ पासून अशी घुबडे पकडून, त्यांना खुणेची कडी घालून सुरक्षित जागी सोडण्याचा बंदोबस्त चालविला आहे.

एखाद्या हिवाळ्यात शेकडो घुबडे दिसली म्हणून त्यांचा वंश सुस्थितीत आहे असा निष्कर्ष काढणे अनुचित होय. कारण अशी लाट एखाद्या प्रदेशातील एका उन्हाळ्याची साक्ष देते, समग्र जातीची नव्हे. पूर्वी दोन लाखांच्या घरात मानली गेलेली जगातील संख्या त्याहून बरीच कमी असल्याचे आढळल्यावर २०१७ मध्ये या जातीची गणना आंतरराष्ट्रीय यादीत ‘असुरक्षित’ वर्गात करण्यात आली. वाहनांची धडक, विजेच्या तारा आणि हवामानबदलामुळे लेमिंगांच्या संख्याचक्रात पडू शकणारा खंड ही तिच्यावरील प्रमुख संकटे असून, वीणक्षेत्र आणि हिवाळी मुक्काम या दोहोंच्या संयुक्त नोंदींवाचून तिच्या रक्षणाची तजवीज पुरी होणार नाही.