लग्नाची साक्ष

आपल्याकडे लग्न लागले की नाही हे कोणी कोणाला विचारीत नाही. मांडव पडला, अंतरपाट दूर झाला, अक्षता पडल्या, पंगती उठल्या, की सारा गाव साक्षीदार होतो. आहेराच्या वहीत ज्यांची नावे लिहिली गेली ते साक्षीदार. ज्यांना आमंत्रण द्यायचे राहून गेले ते तर अधिकच पक्के साक्षीदार, कारण रुसलेला माणूस तिथी विसरत नाही! पुढे चाळीस वर्षांनी कोणी विचारलेच, तर घरातली म्हातारी सांगते, "मोठा पूर आला ना, त्याच्या आदल्या वैशाखात." एवढ्यावर काम भागते.

कायद्यालाही हे ठाऊक होते. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यातील पन्नासावे कलम म्हणत असे की, दोन माणसांचे नाते काय आहे हे ठरविताना, ज्यांना ते ठाऊक असण्याचे साधन आहे अशी माणसे त्यांच्याशी कशी वागतात, हे कोर्टाने पाहावे. त्याखाली उदाहरण दिले होते तेही लग्नाचेच. इष्टमित्र या दोघांना नेहमी नवराबायको म्हणून मानीत आले, ही गोष्ट ते नवराबायको आहेत की नाहीत या प्रश्नाला लागू पडे. घटस्फोटाचे दावे आणि द्विभार्येचे खटले यांत मात्र एवढ्याने भागत नसे. बाकी ठिकाणी शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या नजरेला कायद्याने पुराव्याचा मान दिला होता.

परंतु ही साक्ष गावाच्या शिवेपर्यंतच चालते. शेजार काही जहाजावर चढत नाही. परक्या बंदरात शिडीवरून एक बाई उतरते, समोर अंमलदार उभा असतो आणि तो विचारतो, "तू याची बायको, हे कशावरून?" या एका प्रश्नाने गेल्या शंभरसव्वाशे वर्षांत किती संसार अडवून धरले, आणि एकदा तर हजारो माणसांना रस्त्यावर आणले, त्याची ही हकीकत आहे.

नाताळच्या उसाच्या मळ्यांवर हिंदी मजुरांची पहिली तुकडी १८६० साली उतरली. त्यांच्या मागोमाग व्यापारी गेले. त्यांत गुजरातेतील मुसलमान पुष्कळ. यांची रीत ठरलेली होती. पुरुषाने आधी एकट्याने जायचे, दुकान मांडायचे, चार पैसे गाठीला बांधून मायदेशी येऊन लग्न करायचे आणि पुढेमागे बायकोला तिकडे न्यायचे. नव्या हिंदी माणसाला दरवाजे एकेक करून बंद होत होते. परंतु जो तिथला रहिवासी आहे त्याच्या बायकोमुलांना येऊ द्यावे, एवढी फट उरली होती.

ती फट १४ मार्च १९१३ या दिवशी बुजली. पोर्ट एलिझाबेथचा रहिवासी हसन इसप याने हिंदुस्थानात मुसलमानी पद्धतीने लग्न केले होते. त्याची बायको बाई मरियम हिला अंमलदारांनी उतरू दिले नाही. प्रकरण केपच्या वरिष्ठ न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती सर्ल यांनी निकाल दिला की, ज्या धर्मात एकाहून अधिक बायका करण्यास मुभा आहे त्या धर्माप्रमाणे लागलेले लग्न या देशाच्या कायद्याने लग्न ठरत नाही. म्हणून मरियम ही कायद्याच्या अर्थाने पत्नी नव्हे.

यातली मेख ध्यानात घेण्यासारखी आहे. लग्न झाले नाही, असे न्यायालय म्हणत नव्हते. नवऱ्याला प्रत्यक्षात बायका किती, यावरही निकाल अवलंबून नव्हता. त्याच्या धर्माने मुभा दिली आहे एवढेच पुरे होते. या विचाराचे मूळ इंग्लंडात होते. १८६६ साली मॉर्मन पंथाच्या एका लग्नाच्या खटल्यात तिथल्या न्यायालयाने ठरविले होते की, एक पुरुष आणि एक स्त्री यांचे इतरांना वगळून झालेले आजन्म मीलन, तेच लग्न. इंग्लंडात घटस्फोटाच्या दाव्यासाठी घडविलेले हे माप आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे परत पाठविण्याच्या कामी आले. मुसलमानी लग्न गेले तसे हिंदूंचेही त्याच न्यायाने जाणार, हे उघड होते.

येथे एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. आक्षेप अगदीच हवेतला नव्हता. १९१३ साली आपल्याकडे हिंदू पुरुषालाही एकीवर दुसरी करण्यास कायद्याची आडकाठी नव्हती. मुंबई इलाख्यात हिंदूंच्या द्विभार्येला बंदी आली ती १९४६ साली. सबंध देशात ती १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने आली. तेव्हा सवतीच्या दुःखाची ज्यांना चाड होती त्यांनी आक्षेप घ्यावा, हे योग्यच. पण सर्ल यांच्या निकालाने दुसरी बायको करणाऱ्या पुरुषाचे काही बिघडले नाही. दंड झाला तो एकुलत्या एका बायकोला. तिचे कुंकू देशात उतरण्यापुरते पुसले गेले, तिच्या मुलांचा वारसा धोक्यात आला, आणि सरकारला वाटेल तेव्हा तिला परतीच्या जहाजावर बसविता येऊ लागले.

गांधींनी सरकारला लिहिले, कायदा दुरुस्त करा म्हटले. दाद लागली नाही. मग गोष्ट स्त्रियांनीच हाती घेतली. सत्याग्रहात तोवर स्त्रियांना गांधींनी तुरुंगापासून दूर ठेवले होते. आता ज्यांच्या मंगळसूत्रावर घाला आला होता त्यांना दूर कसे ठेवायचे? गांधी फिनिक्स आश्रमातील इतर बायकांशी बोलत होते ते कस्तुरबांच्या कानावर गेले, आणि तुरुंगात जायला माझ्यातच काय उणे आहे, असे त्यांनी नवऱ्याला विचारले. ही हकीकत गांधींनीच पुढे लिहून ठेवली आहे. काठेवाडात लहानपणी लागलेल्या त्या लग्नाचा कागद कुठे होता? नव्हताच. कस्तुरबांनी आपल्या लग्नाची साक्ष द्यायची ठरविली ती तुरुंगात जाऊन.

१५ सप्टेंबर १९१३ रोजी सोळा जणांची तुकडी फिनिक्सहून निघाली. त्यांत कस्तुरबा धरून चार स्त्रिया होत्या. परवान्याशिवाय नाताळातून ट्रान्सवालात शिरायचे, हा त्यांचा गुन्हा. गांधींचे कुटुंब आहे असे कळले तर सरकार पकडायचे नाही, म्हणून नावे सांगायची नाहीत असे ठरले होते. सीमेवर फोक्सरुस्टला त्यांना अडविले आणि २३ सप्टेंबरला तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. कस्तुरबा डिसेंबरात सुटल्या तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळली होती.

दुसरीकडे टॉलस्टॉय फार्मवरच्या स्त्रिया, बहुतेक तमिळ, काहींच्या कडेवर तान्ही मुले, उलट्या वाटेने नाताळात शिरल्या आणि न्यूकॅसलच्या कोळशाच्या खाणींपाशी जाऊन मजुरांशी बोलल्या. करार संपलेल्या हिंदी मजुरावर वर्षाला तीन पौंडांचा कर होता. मजुराच्या पोटावरचा तो घाव आणि स्त्रीच्या नात्यावरचा हा घाव त्या दिवसांत एकत्र आले. खाणी बंद पडल्या. ६ नोव्हेंबरला जो मोठा मोर्चा सीमेकडे निघाला त्यात २०३७ पुरुष, १२७ स्त्रिया आणि ५७ मुले होती. तुरुंगात गेलेल्यांत वल्लिअम्मा नावाची सोळा वर्षांची मुलगी होती. तापाने खंगून ती बाहेर आली आणि २२ फेब्रुवारी १९१४ रोजी वारली.

इकडे पुण्यात भारत सेवक समाजाचे गोखले प्रकृती खालावलेली असतानाही या लढ्यासाठी पैसा उभा करीत होते. १९१२ साली ते स्वतः दक्षिण आफ्रिकेत जाऊन जनरल बोथा आणि स्मट्स यांना भेटून आले होते, तेव्हा तिथल्या माणसांचे चेहरे त्यांच्या डोळ्यांपुढे होते. त्यांनीच अँड्र्यूज आणि पिअर्सन यांना तिकडे पाठविले. व्हाइसरॉय हार्डिंज यांनी मद्रासच्या भाषणात सत्याग्रहींविषयी उघड सहानुभूती दाखविली. अखेर चौकशी समिती बसली आणि १९१४ च्या मध्यावर हिंदी लोकांच्या सोयीसाठी नवा कायदा झाला. तीन पौंडांचा कर गेला. हिंदी धर्मांच्या पुरोहितांना लग्नाचे अधिकारी नेमण्याची सोय झाली. प्रत्यक्षात एकच बायको असेल तर तिचे लग्न कायद्याने मानावे, तिला आणि तिच्या अज्ञान मुलांना येऊ द्यावे, असे ठरले. दुसरी बायको मात्र दाराबाहेरच राहिली.

म्हणजे लढा जिंकला. पण प्रश्न सुटला का? तो एक पायरी पुढे सरकला. "तुमच्या धर्माचे लग्न हे लग्नच नव्हे" असे आता म्हणता येईना. तेव्हा "ते झाले याचा दाखला आणा" असे म्हणणे सुरू झाले. १९१८ साली लंडनच्या साम्राज्य परिषदेत ठराव झाला की, वसाहतींत स्थायिक झालेल्या हिंदी माणसाने एक बायको आणि तिची मुले आणावीत. मात्र ती त्याची कायदेशीर बायकोमुले असल्याचा दाखला हिंदुस्थान सरकारने प्रत्येकाला द्यावा. कॅनडाने तो पुढल्या वर्षी अमलात आणला. गंमत अशी, की खेडोपाडी लागणाऱ्या हिंदू लग्नांची सक्तीची नोंदवही या सरकारपाशी नव्हतीच. शेवटी सरकारने तरी कोणाला विचारायचे? पुन्हा गावालाच!

पुढे साम्राज्य मावळले आणि माणसे उलट्या दिशेने इंग्लंडकडे जाऊ लागली. आता संशयाने निराळे रूप घेतले. तिथे लग्न करण्यासाठी येणाऱ्या वधूला आगाऊ परवाना लागत नसे. लग्न झालेल्या बायकोला लागे. म्हणून येणारी खरोखर अविवाहित आहे काय, हे पाहण्यासाठी लंडनच्या विमानतळावर एका भारतीय स्त्रीची अत्यंत लज्जास्पद शारीरिक तपासणी झाल्याचे फेब्रुवारी १९७९ मध्ये वृत्तपत्रांतून उघडकीस आले. दोन्ही देशांत संताप उसळला आणि तो प्रकार बंद झाला. पण अशा तपासण्या भारतातील ब्रिटिश कचेऱ्यांतही झाल्या होत्या, हे मागाहून कागदपत्रांवरून दिसले. पूर्वी बायकोपण सिद्ध करावे लागे. येथे कुमारिकापण सिद्ध करण्याची पाळी आली.

मग पाळी नवरदेवांची आली. १९८० च्या सुमारास इंग्लंडात नियम झाला की, लग्नाचा मुख्य हेतू त्या देशात राहायला मिळावे हा नाही, असे नवऱ्याने पटवून द्यावे. लग्न खरे, विधी खरा, कागदही खरा; पण मनातला हेतू काय? जे मनात नाही ते नाही, हे माणसाने सिद्ध करायचे कसे? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात ज्यांनी एकमेकांना अर्धा तास पाहिले, त्यांना अंमलदाराने परस्परांच्या आवडीनिवडी विचाराव्यात आणि उत्तरे जुळली नाहीत की शेरा मारावा, असा हा मामला. आपल्याकडे सोयरीक दोन घरांची होते आणि ओळख सावकाश, संसारात होते, हे त्या टेबलापलीकडल्या माणसाला कोण सांगणार? हा नियम १९९७ साली रद्द झाला.

अमेरिकेने १९८६ साली वेगळी वाट काढली. नव्या लग्नावर आलेल्या जोडीदाराला आधी दोन वर्षांचाच सशर्त निवास द्यायचा आणि मग दोघांनी मिळून संसार खरा असल्याचे दाखवायचे: एकत्र खाते, एकाच घराचे भाडेपत्र, पत्रे, छायाचित्रे, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रे. खोटी लग्ने लावून देणारे दलाल जगात आहेत, तेव्हा कोणत्याही देशाने काहीच विचारू नये असे म्हणता येणार नाही. परंतु या यादीकडे नीट पाहिले तर काय दिसते? इष्टमित्र यांना नवराबायको मानतात काय, हाच पन्नासाव्या कलमाचा जुना प्रश्न तेथे पुन्हा विचारला आहे. लग्न ही एका दिवसाची घटना कमी आणि रोजची वागणूक अधिक, हे शहाणपण फिरून फिरून तेथेच येऊन पोचले.

आपल्याकडेही आता नोंदणी सक्तीची झाली आहे. महाराष्ट्रात १९९८ चा कायदा आहे, आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वच राज्यांना तसा आदेश दिला. मुलगी परदेशी द्यायची म्हणजे लग्नपत्रिका, दाखला आणि फोटोंची चळत आधी तयार ठेवावी लागते, हे आता घरोघरी माहीत आहे. कागद असावा, नवऱ्याने टाकलेल्या बाईला तोच आधार होतो.

पण कागदाची थोरवी सांगताना एवढे ध्यानात ठेवावे. तो १९१३ चा निकाल इतिहासात न्यायमूर्तींच्या नावाने ओळखला जातो. जिचे बायकोपण त्या दिवशी पुसले गेले त्या बाई मरियमचे नाव फार थोड्यांना आठवते. तरी आज एखादी सून मुंबईच्या विमानतळावर कागदांची फाइल छातीशी धरून उभी राहते, तेव्हा तिच्या धर्माचे लग्न हे लग्नच नव्हे, असे तिला कोणी म्हणत नाही. एवढे तरी मरियमच्या, वल्लिअम्माच्या आणि कस्तुरबांच्या पदरी टाकलेच पाहिजे.